ण बाणाचा कसा? पहिल्या आवाजाचा घरचा सराव: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

धाकटी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत, इंग्रजी माध्यम. थोरला तिसरीत. घर गोरेगावला, सोबत सासूबाई. काम एवढंच ठरवलं होतं की शब्द कानावर पडला की तो कुठल्या आवाजाने सुरू होतो हे तिला ओळखता यावं आणि त्याच आवाजाचे आणखी दोन-चार शब्द तिला स्वतःहून सुचावेत. लिहायला शिकवणं यात नाही. वेळ संध्याकाळी कुकर लावल्यापासून शिट्ट्या होईपर्यंत, कारण तेव्हा मी ओट्यापाशी अडकलेली असते आणि ती पायात घोटाळत असते. वेगळा वेळ काढायचा म्हटलं असतं तर दुसऱ्या आठवड्यातच बारगळलं असतं.

१६ जून, सोमवार

दादरहून आणलेला अक्षरतक्ता भिंतीवर लावला. ७० रुपये.

"कमळ कशाने सुरू होतं गं?"
"क कमळाचा."
"आणि कावळा?"
"क कमळाचा."
"किल्ला?"
गप्प.
"बाण?"
"ण बाणाचा!" हे मात्र ठणकावून.

ती तक्त्याप्रमाणे बरोबरच बोलतेय. ण ने आपल्याकडे शब्द सुरू होत नाही, म्हणून छापणाऱ्यांनी शेवटी ण असलेला बाण घेतला. ळ बाळाचा, तेही तसंच. मोठ्यांना ते ठाऊक असतं. पोरीला तक्ता एवढंच सांगतो की चित्राचा आणि अक्षराचा काहीतरी संबंध आहे, तो शब्दात कुठेही असला तरी चालतो. दुसरं म्हणजे तक्त्यावरचे बहुतेक शब्द कमळ, गवत, घर, नळ, मगर असे, काना-मात्रा नसलेल्या अक्षराने सुरू होणारे. किल्ला, कुलूप, केळं त्यात येतच नाहीत. आणि तिसरं, ती ऐकतच नव्हती, चित्र बघून पाठ म्हणत होती.

तक्ता उतरवला. पुढे वाचायला लागेल तेव्हा कामाला येईल, कानाच्या सरावाला नाही.

२० जून, शुक्रवार

चित्रकार्डं. ऑफिसच्या जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढल्या, ३२० रुपये. लॅमिनेशन नंतर करू म्हणून तशीच ठेवली तर पावसाळी हवेने दोन दिवसांत कडा वळल्या. मग लॅमिनेशनचे आणखी २००.

पैसे गेले ते कडांपायी नव्हे. बदकाचं चित्र दाखवलं, ती म्हणाली "डक". मगर "क्रोकोडाइल", जहाज "शिप", पतंग "काइट". आता ब शोधायला सांगितलं तर ती डक मधला ब कुठून आणणार? चित्र मुकं असतं, शब्द तिच्या डोक्यातला निघतो, आणि शाळेत ऐकलेले सगळे प्राणी इंग्रजीत आहेत. प्रत्येक कार्डाचं नाव आधी सांगून पाहिलं, तर खेळाचा अर्धा वेळ भाषांतरात गेला.

कार्डांमधली मांजर, साप, पोपट, हत्ती, केळं अशी मोजकीच ठेवली, जी ती एरवीही मराठीतच म्हणते. बाकीची थोरल्याने दुकान-दुकान खेळायला नेली.

ज्यांना खर्च करायचाच आहे त्यांनी आधी मुलाला चित्रं मोबाइलवर दाखवून नावं विचारावीत, मग छापावं.

२५ जून, बुधवार

कार्डांऐवजी खऱ्या वस्तू. स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं सगळी मराठीत येतात तिला, कारण दिवसभर आजीच्या हाताखाली असते. स्टीलची दोन ताटं घेतली, एक म चं, एक स चं. म आणि स मुद्दाम, कारण हे दोन्ही आवाज लांबवता येतात: म्म्म्मीठ, स्स्स्साखर. क, ट, प लांबवता येत नाहीत, तोंडातून निघाले की संपले. शिवाय म आणि स एकमेकांपासून चांगले लांब आहेत, घोळ होत नाही.

वस्तू: मीठ, मोहरी, मिरची, मेणबत्ती, मोजा, साखर, साबण, सांडशी, सुपारी, सोलाणं.

तिने मीठ आणि साखर एका ताटात ठेवले. पांढरे म्हणून. साबण आणि मोजा दुसऱ्यात, "अंगाचे" म्हणून. मी म्हटलं, "अगं, आवाज ऐक ना. मिठाचा आवाज कुठला?" तिने मिठाची वाटी कानाला लावली, हलवली, आणि म्हणाली, "येतच नाहीये आवाज."

हसू आलं, पण अख्खा आठवडा खेळ का चालत नव्हता ते तेव्हा कळलं. तिच्या लेखी आवाज म्हणजे भांडं पडल्याचा, मांजराचा, कुकरचा. शब्दालाही आवाज असतो आणि तो तुकड्यांचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून "आवाज" हा शब्द बंद. आता विचारते, "मीठ म्हणताना तोंड आधी काय करतं?" हातात छोटा आरसा दिला (सासूबाईंच्या टिकलीच्या डबीतला). म ला ओठ मिटतात, स ला दात दिसतात. आरशात बघून ताटं लावली तेव्हा सांडशी सोडून सगळं जागेवर गेलं. सांडशी तिला हातातून सोडायची नव्हती, एवढंच कारण.

१ जुलै, मंगळवार

इथे खरी गाठ आली. मामा, मासा, मांजर, माठ हे चार एका घरातले, हे तिने पटकन मान्य केलं. मिरची त्यात टाकली तर तिने बाहेर काढली.

"ती मा नाहीये. ती मि आहे."

आरसा दाखवला, ओठ मिटतात बघ म्हटलं. "पण मा वेगळं आणि मि वेगळं."

रात्री विचार केला तेव्हा पटलं की तिचा कान बरोबर आहे. आपण बोलताना मा, मि, मु हे अख्खे तुकडे बोलतो, लिहितानाही मा आणि मि ही दोन अक्षरंच लिहितो. त्यातला नुसता म् हा कुणी एरवी उच्चारत नाही. शाळेत इंग्रजीचं फोनिक्स चालू आहे, तिथे मात्र नुसता म् सुटा काढून शिकवतात. मी तेच मराठीला लावायला गेले होते.

म्हणून क्रम बदलला. आधी सबंध अक्षराची घराणी, काना-मात्रेसकट. मि आणि मा एकत्र आणायची घाई नाही.

जी घराणी चांगली चालली:
मा: मामा, मासा, माठ, माळ, मांजर
पा: पाणी, पाव, पाट, पाल, पापड
का: काका, कान, काकडी, कांदा, कात्री
बा: बाबा, बाटली, बाक, बाहुली
वि: विठोबा, विळी, विहीर, विमान (आषाढीच्या सुमाराला घेतलं म्हणून विठोबा पहिला)

न चाललेली: इ-ई आणि उ-ऊ. इमारत आणि ईद, उंदीर आणि ऊस. ऱ्हस्व-दीर्घ कागदावर आहे, बोलण्यात तो फरक आपण मोठेही करत नाही, मग मुलाकडून कानाने ओळखून कसा घ्यायचा? दोन्ही एकाच ताटात. शुद्धलेखन पुढच्या पुढे.

५ जुलै, शनिवार

क साठी "क-क-क-कावळा" करून बघितलं, लांबवता येत नाही तर पुन्हा पुन्हा म्हणू म्हणून. जेवताना ती "भ-भ-भात" मागायला लागली, गंमत म्हणून दिवसभर. सासूबाई घाबरल्या, "पोर अडखळायला लागली की काय!" ताबडतोब थांबवलं. त्याऐवजी जोड्या: कावळा–कासव की कावळा–साबण? कुठली जोडी सारखी सुरू होते? याने क चं काम निभावलं.

१२ जुलै, शनिवार

माझ्या आईवडिलांकडे प्रभादेवीला जायला स्लो लोकल पकडली. शनिवारची दुपार, लेडीज डब्यात बसायला जागा. ठरवून काही नेलं नव्हतं, पण या प्रकल्पातला सगळ्यात फुकट आणि सगळ्यात चांगला साहित्यसंच डब्याच्या छतातल्या स्पीकरमध्ये आहे.

"पुढील स्टेशन, माहीम. अगला स्टेशन, माहीम. नेक्स्ट स्टेशन, माहीम." एकच शब्द, ठळक, सावकाश, लागोपाठ तीनदा. घरी मी तीनदा म्हटलं तर तिला कंटाळा येतो, गाडीने म्हटलं तर येत नाही. माहीम सुटलं आणि पाठोपाठ माटुंगा रोड आलं. तिने माझा हात ओढला, "परत मा!"

गोरेगावहून निघाल्यावर राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी अशी स्टेशनं एकेकटी जातात, जोडी लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला ती खिडकीबाहेरच बघत होती. वांद्र्याला मात्र पंचाईत. मराठीत "वांद्रे", मग हिंदीत "बांद्रा", इंग्रजीतही "बांद्रा". तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "ते चुकले," म्हणाली. समोरच्या सीटवरच्या काकूंना हसू आवरेना. मी म्हटलं दोन्ही नावं त्याच स्टेशनची आहेत, एक व चं आणि एक ब चं. तिने ते थोडा वेळ तोंडात घोळवलं, वांद्रे-बांद्रा, वांद्रे-बांद्रा. व ला ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि ब ला मिटतात, हे आरशाशिवाय तिथेच समजलं. मी घरी बसून व आणि ब ची याहून चांगली जोडी शोधू शकले नसते. मध्य रेल्वेवाल्यांकडे शीव आणि सायन आहे, तेही असंच वापरता येईल.

प्रभादेवीला उतरलो. घरी आजोबा म्हणाले, "एल्फिन्स्टनला उतरलात का?" नाव २०१८ मध्ये बदललं, त्यांच्या जिभेवर नाही बदललेलं. पोरगी गोंधळली, पण आता दोन नावांची सवय झाल्यामुळे पटकन म्हणाली, "आजोबांचं ए चं आणि गाडीचं प्र चं."

परतताना आम्ही म ची सगळी स्टेशनं गोळा केली. पश्चिम रेल्वेवर मरीन लाइन्स, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, माटुंगा रोड, माहीम, मालाड, मीरा रोड. यादी मी सांगितली, ती फक्त "हो" आणि "नाही" म्हणत होती. मुंबई सेंट्रलला "नाही". मु आहे म्हणून. ठीक.

गर्दीच्या वेळी याच्या वाटेला जाऊ नये. उभं राहायला जागा नसते तिथे कान कोण लावणार.

२० जुलै, रविवार

मा आणि मि ची गाठ सुटली, आणि सुटली ती स वर, सुक्या मासळीमुळे.

गटारीच्या आधीचा रविवार. पावसाळी मासेमारी बंदीमुळे ओल्या मासळीच्या पाट्या अर्ध्या रिकाम्या, म्हणून सुक्याच्या पाटीपाशी गेलो. मासळीवाल्या मावशी आम्हाला ओळखतात. मी काय घेऊ विचारत होते आणि त्या बोटाने दाखवत म्हणत गेल्या, "सुकट घे, सोडे घे, सुका बोंबील आहे, सुकी मांदेली आहे." धाकटीने मान वर केली आणि सापासारखं स्स्स्स केलं. मी काही विचारलेलं नव्हतं.

सु, सो, सु, सु. अक्षरं वेगळी, पण वाऱ्यासारखा तो सुरुवातीचा स् सगळ्यांत तसाच आहे, आणि मावशींच्या ठसक्यात तो चांगला लांब येतो. माझ्या अंदाजाने तीन आठवडे सबंध अक्षरांवर काढले म्हणून ते आज ऐकू आलं. पहिल्याच दिवशी मागितलं असतं तर आलं नसतं.

मावशींनी तिलाच कामाला लावलं. "सांग गो, ब चा काय देऊ तुला, बोंबील का बांगडा?" ती म्हणाली, "दोन्ही." १५० रुपयांचे सोडे आणि ६० ची सुकट, ती या प्रकल्पाच्या खर्चात धरत नाही.

घरी लगेच पुढचा खेळ बसवला. मी ओठ मिटते, म्म्म्म करत थांबते, पुढचं बोलत नाही. तिने ओळखायचं की काय येणार आहे. मासा? मुळा? मेथी? मोदक? काहीही चालतं, म चं असलं की झालं. यात मा-मि चा वादच उरत नाही, कारण शब्द अजून फुटलेलाच नसतो. स ला असंच, न ला असंच. हा खेळ सध्या सगळ्यात जास्त मागणीचा आहे, अगदी दात घासतानाही, ते मात्र बंद करावं लागलं.

२६ जुलै, शनिवार

थोरल्याचा प्रश्न. मी विचारते तिला, उत्तर देतो हा. ती गप्प बसते आणि मग रडते. त्याला हाकलून दिलं तर दाराआडून ओरडतो.

त्याला चुका करायचं काम दिलं. तो भाजी आणणारा, पिशवीत एकाच आवाजाच्या भाज्या भरायच्या आणि मध्येच एक लबाडी करायची, हिने पकडायची. "मेथी, मुळा, मिरची, पालक!" पकडली. "कारलं, कोबी, काकडी, वांगं!" पकडली. त्याला लबाडी करायला मिळते म्हणून तो खूश, तिला दादाची चूक सापडते म्हणून ती त्याहून खूश. भांडण मिटलं.

"भेंडी, भोपळा, बटाटा" मात्र सुटला. ब आणि भ तिला सारखेच. दोन-चार वेळा सांगून उपयोग नाही झाला, तेव्हा तळहात तोंडासमोर धरायला लावला. भ ला हातावर वारा लागतो, ब ला फारसा नाही. प आणि फ साठी टिश्यू पेपरची पट्टी नाकाखाली लोंबती धरली: पाणी म्हटलं तर पट्टी जेमतेम हलते, फणस म्हटलं की उडते. आमच्या घरात फणस आणि फोन मधला फ सारखाच निघतो, वरचे दात खालच्या ओठाला लावून. ज्यांच्याकडे फणसाचा फ दोन ओठांनी निघतो त्यांचीही पट्टी उडेलच.

क-ख, ग-घ ला पट्टीची गंमत तेवढी दिसत नाही. ते लांबणीवर टाकले. सुरुवातीला लांबलांबचे आवाज घ्यावेत, म-स, प-न, क-स. सख्खे शेजारी नंतर.

५ ऑगस्ट, मंगळवार

सर्दी. आठवडा वाया. नाक चोंदलं की म चा ब होतो: "आई, बला दूध दे." ताटातला म चा माल ब च्या ताटात जायला लागला आणि मला वाटलं सगळं विसरली. विसरली नव्हती, तिच्या स्वतःच्या तोंडून तेव्हा ब च येत होता आणि ती तेच ऐकत होती. म, न हे नाकातून जाणारे आवाज, वाट बंद तर ते तरी काय करणार.

बरं वाटल्यावर नाक चिमटीत धरून म्म्म म्हणून बघायचा खेळ काढला. म अडकतो, स चालू राहतो. याने म-न एका कळपातले आहेत हे तिला आपोआप लक्षात आलं. पण सर्दीच्या दिवसांत सराव घेऊच नये, उगीच दोघींचं डोकं फिरतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

च ने दोन दिवस खाल्ले.

ताटात चमचा, चहाचा डबा, चाळणी, चिमटा, चेंडू. तिने दोन ढीग केले. चहा, चिमटा, चेंडू इकडे. चमचा, चाळणी तिकडे. मी म्हटलं एकच आहे गं. "नाही."

मोठ्याने म्हणून बघा. चहा, चिमणी, चंद्र यांचा च टाळूला जीभ लावून. चाक, चूल, चोर यांचा च दातांपाशी, जवळजवळ त्स. ज चंही तेच: जीभ, जेवण एका बाजूला, जाळी, जोडे दुसऱ्या. झेंडा आणि झाड, पुन्हा तेच. लिहिताना एकच अक्षर, म्हणून आपल्या डोळ्यांना एक वाटतं. तिला अजून अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे ती जे ऐकू येतं तेच सांगते. सासूबाईंनाही म्हणायला लावलं, त्यांनी चाळणी आणि चहा दोनदा म्हटलं आणि "अगं हो की" म्हणाल्या.

दोन ढीग तसेच ठेवले. चर्चगेट आणि चर्नी रोड चहाच्या ढिगात गेले. वाचायला लागली की दोन्हींना एकच अक्षर असतं हे कळेल, आत्ता जबरदस्तीने एक करायचं म्हणजे ऐकू नकोस असं सांगणं. तक्त्यावर "च चमच्याचा" आणि शाळेच्या पुस्तकात चिमणी, हे एकाच वेळी शिकवताना कुणाला काही वाटत नाही, याचं आता नवल वाटतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. शाळांना सुट्टी, नवऱ्याचं काम घरून, सगळे एका खोलीत. अनुप्रासाची वाक्यं आज घेतली, वेळच वेळ होता.

आधी जुनी जिभेची वळणं घेतली. "कच्चा पापड, पक्का पापड" ने हसून हसून पोट दुखलं, पण ते जिभेचं कसब आहे, त्यात ती ऐकत काही नाही. "काकांनी काकूंच्या कपाटातले कोरे कागद..." ही सगळ्यांना पाठ असलेली लांबण तिच्यासाठी फार लांब, कपाटाशी पोचेपर्यंत काका विसरली.

मग स्वतःची, तीन-चार शब्दांची. नाव थोरला देणार, वस्तू ती देणार, शेवटचं क्रियापद मी. इथे एक गोष्ट लक्षात आली: घोडं नेहमी क्रियापदापाशी अडतं. म च्या वस्तू तिच्याकडे ढीगभर, पण आपलं वाक्य संपतं क्रियापदावर आणि म चं क्रियापद साडेचार वर्षांच्या डोक्यात एखादंच. म्हणून क्रियापदांचा साठा आधी करून ठेवला:
म: मोजते, मळते, मागते, मारते
प: पळतो, पितो, पुसतो, पाडतो
न: नाचतो, नेतो, निजतो
ह: हसतो, हलवतो, हाकतो
क: कापतो, करतो, कुटतो

यातून निघालेली वाक्यं:
मालाडची मामी माहीमला मासे मोजते. (थोरला आणि ती, स्टेशनांचा उपयोग)
पोपट पाणी पितो.
हत्ती हळूच हसतो.
नाना नाकाने नारळ नेतात. (सर्वस्वी तिचं. नाना म्हणजे आमच्या मजल्यावरचे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.)
काका काकडी कुटतात.

अर्थ लागलाच पाहिजे असा आग्रह धरला नाही. नाकाने नारळ नेण्यात अर्थ काय असणार, पण चारही शब्द तिने स्वतः न ने निवडले. नवऱ्याने एक भारदस्त, सहा शब्दांचं वाक्य रचलं, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. मोदक, मखर, मूर्ती, माळ. दूर्वा, दिवा, दक्षिणा. आरतीच्या गडबडीत एवढंच. आत्या म्हणाल्या, "सणाच्या दिवशी कसला गं अभ्यास?" अभ्यास आहे हे धाकटीला माहीत नाही, आणि तसंच राहू दे.

७ सप्टेंबर, रविवार

स्टेशन हा शब्द तिने इ च्या ताटात टाकला. शिट्टीवाली खेळण्यातली गाडी आणि तिचं "इस्टेशन". सासूबाई इस्टेशन, इस्कूल म्हणतात, दिवसभर तेच कानावर. आणि त्यांच्या उच्चारात शब्द खरोखर इ नेच सुरू होतो. मी म्हटलं, "आजीचं इ चं, गाडीतल्या बाईंचं स चं." वांद्रे-बांद्राची सवय इथे उपयोगी पडली, वाद झाला नाही. आजीला सुधारायला जायचं नाही हा घरातला नियम आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

तपासणी. न वापरलेले शब्द घेतले, नाहीतर पाठ झालेलंच ऐकू येतं. माकड, सतरंजी, नगारा, पितळ, कुंपण, बुरूज असे. काहींचा अर्थ तिला माहीत नव्हता, आणि तेच बरं, मग ती अर्थाच्या मागे न लागता नुसती ऐकते.

पक्के झाले: म, स, न, प, क, ह. ब चालतो, भ जवळ नसला तर.

कच्चे: स आणि श. शेपू, शेवगा, साखर, सुपारी यांत मधूनच घोळ. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई "सेंगदाणे" म्हणतात, मी "शेंगदाणे", त्यामुळे हा लवकर सुटेल असं वाटत नाही. त आणि ट: तोंडली आणि टोमॅटो अजून एकाच टोपलीत.

र बद्दल. ती अजून "लिक्षा" म्हणते. पण मी "रिक्षा कुठे ठेवू?" म्हटलं की रताळं आणि रुमालाच्या ताटात ठेवते, लसणाच्या नाही. मीच मुद्दाम "लिक्षा" म्हटलं तर "असं नाही म्हणायचं" म्हणून ओरडते. म्हणजे कान तयार आहे, जीभ मागे आहे. या वयात र उशिरा बसणं सर्रास दिसतं, मी त्यावर काही करत नाहीये. याच्या उलट असतं, म्हणजे दुसऱ्याने म्हटलेल्या र आणि ल मधला किंवा क आणि ट मधला फरक ऐकूनच कळत नसता, तर मी खेळ बाजूला ठेवून आधी ऐकणं तपासून घेतलं असतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. सारखी सर्दी आणि कान दुखणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे टाळू नये.

शाळेच्या बाजूने एक फायदा, न मागता. कॅट, कप, कावळा आणि कार तिने एका ढिगात ठेवले. शाळेत कॅट आणि कप सी ने लिहितात, सी चं नाव स ने सुरू होतं, तरी तिने क ऐकला.

खर्च: तक्ता ७०, प्रिंट आणि लॅमिनेशन ५२०, टिश्यू पेपर घरात होता. म्हणजे ५९० रुपये, आणि त्यातले कामाला आले ते मोजक्या कार्डांपुरते. लोकलचं तिकीट धरत नाही, आजोळी जायचंच होतं. तिच्या वयाला तिकीट लागत नाही.

पुढचं: त-ट ऑक्टोबरमध्ये, भाजीच्या टोपलीवरच. क-ख साठी खार रोड आणि कांदिवली अशी जोडी लावून बघणार. जोडाक्षरं दिवाळीनंतर, तोवर ग्रँट रोड ग च्याच ताटात आणि प्रभादेवी प च्या. आजोबांचं एल्फिन्स्टन वेगळ्या वाटीत.